उपरण्याखालचा कॅमेरा

ऋतुजानं माझे दात पाहिले तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती, आणि तोपर्यंत ते फक्त दातांच्या डॉक्टरनं पाहिले होते.

नगरला दिल्ली दरवाज्याजवळ माझं ड्रेस भाड्यानं देण्याचं दुकान आहे. एका खुंटीवर मावळे, दुसरीवर पऱ्या, कोपऱ्यात पोलीस आणि एक माकड. शाळांच्या संमेलनांच्या दिवसांत मला पाणी प्यायला फुरसत नसते आणि उरलेलं वर्ष मी माकडाशी गप्पा मारत काढतो. मग शहरातल्या एका कॉलेजात सिनेमाचा कोर्स सुरू झाला आणि माकडाचं महत्त्व कमी झालं. ही मुलं थोड्या थोड्या दिवसांनी एक छोटी फिल्म करून वर्गात दाखवायची. एका मिनिटाची, तीन मिनिटांची. त्यांना कधी वर्दी लागायची, कधी धोतर, आणि धोतराच्या आत घालायला एक माणूसही लागायचा. हौशी नाटकांत उभा जन्म घालवलेला, जेवणावर राबणारा आणि मरायला तयार असलेला. मुलांच्या फिल्ममध्ये शेवटी कुणीतरी मरावंच लागतं. मी विहिरीत मेलो, एसटीखाली मेलो, एकदा तर खुर्चीत बसल्या बसल्या मेलो, कारण कॅमेऱ्याची बॅटरी संपत आली होती.

ऋतुजानं मला एकदाही मारलं नाही. मारण्यापेक्षा वाईट काय करता येतं ते तिला ठाऊक होतं.

ती घोडेगावची. उंच, काटकुळी, तेल लावून करकचून घातलेली वेणी, मनगटावर बापाचं जुनं घड्याळ. तिचे वडील गुरांच्या बाजारातले दलाल. शुक्रवारच्या बाजारात ती लहानपणापासून त्यांच्या धोतराला धरून फिरलेली. त्यामुळे माणसाला भेटल्यावर आपण आधी चेहऱ्याकडे बघतो, तशी ती बघायची नाही. तिची नजर पायांपासून निघायची, गुडघ्यांवर थांबायची, पाठीच्या कण्यावरून फिरायची आणि मग कुठे तोंडाशी यायची. तिच्यासमोर उभं राहिलं की आपल्याला शेपटी असती तर आपण ती हलवली असती, असं वाटायचं.

पहिल्या दिवशी दुकानात आली, नमस्कार नाही, चमत्कार नाही. म्हणाली, ‘‘काका, जरा दारापर्यंत चालून दाखवा.’’

मी चाललो. नटाला कुणी चालायला सांगितलं की तो चालतो.

‘‘आता हसा.’’

हसलो. तिनं मान वाकडी करून दात पाहिले.

‘‘डाव्या गुडघ्यात खोट हाय का?’’

थोडी आहे, म्हणालो.

‘‘असू द्या. चालंल,’’ ती म्हणाली, आणि मी खरेदी झालो.

तिचा तो पहिलाच पाठ होता: वाट पाहणे. एक मिनिट, संवाद नाहीत. तिनं मला माळीवाड्याच्या स्टँडवर एका बाकड्यावर बसवलं आणि कॅमेरा घेऊन येते म्हणून गेली. मी तयारीला लागलो. वाट पाहण्याचे माझ्याकडे तीन प्रकार आहेत. दूर क्षितिजाकडे बघणं, सुस्कारा आणि हळूच घड्याळ बघणं. तिन्ही करून झाले तरी बाई येईना. ऊन डोक्यावर आलं. मी शेजारच्या माणसाच्या पिशवीवरून त्याच्याशी भांडलो, काखेत खाजवलं, चप्पल काढून टाचेची भेग न्याहाळली आणि शेवटी तोंड उघडं टाकून झोपलो. ती समोरच्या लॉजच्या गच्चीत होती. पहिल्यापासून.

वर्गात फिल्म दाखवली तेव्हा पोरं बाकांवर पडून हसली. क्षितिज, सुस्कारा, घड्याळ यांतलं काहीच तिनं ठेवलं नव्हतं. भेग होती. मी तावातावानं विचारलं की मला आधी सांगायला काय झालं होतं. ती शेंगदाणे चघळत म्हणाली, ‘‘सांगितलं असतं तर तुमी नटला असता.’’

तिच्या पिशवीत भाजलेले शेंगदाणे कायम असत. शूटिंग चालू असताना तिचा जबडा सारखा हलत असायचा. पण कुणी खरोखर रडायला लागलं की ती चघळणं थांबवायची. मला सुरुवातीला वाटलं, पोरीला पाझर फुटतो. मग कळलं की तो आवाज रेकॉर्डिंगमध्ये येऊ नये म्हणून.

शॉट चांगला झाला की इतर पोरं ‘ओके’ म्हणायची. ही म्हणायची, ‘‘उभा ऱ्हायला.’’ वाईट झाला की ‘‘बसला.’’ बसलेल्या बैलाला बाजारात कुणी विचारत नाही, तसा तो शॉट ती पुन्हा बघायचीसुद्धा नाही. तीनतीन तास राबलेल्या पोरांसमोर ‘बसला’ एवढं म्हणून पिशवी खांद्याला लावून निघून जायची. त्या वर्गात तिच्यावर कुणाचं प्रेम नव्हतं, आणि प्रत्येकाला आपल्या फिल्मचं एडिटिंग तिच्याकडून करून हवं होतं.

दुसरा पाठ रडण्याचा होता. तीन मिनिटं, एक बाई, एक खोली. वर्गातली समृद्धी नावाची मुलगी काम करणार होती. गोरी, गुबगुबीत, बोलघेवडी. तिचं नुकतंच लग्न मोडलं होतं. पत्रिका छापून झाल्या होत्या आणि मुलाकडच्यांनी फोनवर नाही म्हटलं. असं झालं की माणूस भेटेल त्याला सांगत सुटतं, आणि सांगून सांगून मोकळं होतं. ऋतुजानं तिला मोकळं होऊच दिलं नाही. समृद्धीनं विषय काढला की ही कॅमेऱ्याचं काहीतरी काढायची. वर्गातल्या बाकीच्यांनाही ताकीद दिली होती, तिला विचारायचं नाही, तिचं ऐकायचं नाही. बिचारी साडी न्यायला माझ्या दुकानात आली आणि निळी साडी हातात धरून मला सांगायला लागली, ‘‘काका, माझ्या वाढदिवसाला त्यानंच असली साडी...’’ एवढ्यात मागून ऋतुजा म्हणाली, ‘‘चल, उशीर व्हतोय.’’

मी तिला बाजूला घेऊन विचारलं, हे काय चालवलंयस. तिनं मला शांतपणे गुरांच्या बाजारातली रीत समजावून सांगितली. बाजाराला न्यायच्या गाईची आदल्या दिवसापासून धार काढत नाहीत. कास तटतटून येते. गाय कळवळते, पण गिऱ्हाइकाला भरलेली कास दिसते.

शूटिंगच्या दिवशी खोलीत मी पडदे लावायला होतो. सगळं जागेवर आल्यावर ऋतुजा कॅमेऱ्याच्या मागे गेली, शेंगदाणे गिळले आणि अगदी मायेनं म्हणाली, ‘‘समृद्धी, सांग बरं आता. काय म्हनला त्यो फोनवर?’’

मी रंगभूमीवर पुष्कळ रडणं पाहिलं आहे, ग्लिसरीनचं, कांद्याचं, अनुदानाचं. असलं पाहिलं नाही. मुलगी जमिनीवर बसून ओरडत होती, साडीचा बोळा तोंडात कोंबत होती. तिचा पहिला उमाळा ओसरला तसा मी तांब्या घेऊन पुढे झालो, तर ऋतुजानं मला हातानं अडवलं आणि तिला म्हणाली, ‘‘लई भारी. आता एकदा साइडनं.’’

आणि समृद्धीनं साइडनं दिलं. ते मला जास्त लागलं. कोर्सचे सर त्या फिल्मवर पंधरा मिनिटं बोलले म्हणे. समृद्धी नंतर वर्गात यायची कमी झाली.

नानांविषयी आता सांगायला हवं. नाना म्हणजे तिचे वडील, रंगनाथनाना. देहानं रांजण, मिश्या पांढऱ्याशुभ्र, आवाज असा की माझ्या दुकानातल्या मुंडावळ्या हलायच्या. लेकीचे दिवे आणि स्टँड पिकअपमधून नगरला आणून द्यायचे आणि चहा पिता पिता ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्यांना सांगायचे, ‘‘माझी लेक पिच्चर काढती.’’ राहात्यापासून कर्जतपर्यंतचे लोक बाजारात येऊन आधी नानांना शोधायचे. गाय विकणारा एकीकडे, घेणारा दुसरीकडे आणि मध्ये नाना. आधी विकणाऱ्याचा हात उपरण्याखाली धरायचा, बोटं दाबून आकडा ठरवायचा. मग घेणाऱ्याचा. तोंडानं एक अक्षर नाही, त्यामुळे आजूबाजूच्याला काही कळत नाही. पैसेही नानांच्याच हातून जाणार, आणि त्यातून नानांनी घ्यायची ती फक्त ठरलेली दलाली. मला ते अभिमानानं म्हणाले होते, ‘‘मास्तर, कागद न्हाई, सही न्हाई. ह्यो हात हाय फक्त. लोक ह्येच्यात हात देत्यात म्हनून मी हाय.’’

त्याच सुमारास कोर्समध्ये एडिटिंग शिकवायला सुरुवात झाली होती. मी त्या पोरीला खऱ्या अर्थानं खूश झालेलं एकदाच पाहिलं, ते तेव्हा. धावत दुकानात आली. बाकड्यावरच्या माझ्या चेहऱ्याचा एक तुकडा तिनं जिलेबीच्या ताटाला जोडला होता आणि तोच तुकडा एका तिरडीला. वर्गातल्या पोरांनी दोन्ही वेळा माझ्या अभिनयाला दाद दिली. काकांची भूक काय दिसते, काकांचं दुःख काय दिसतं. ‘‘आन् तुमी तर मोसंबीवाल्याकडं बघत व्हता,’’ ती म्हणाली. दोन शॉट शेजारी ठेवले की दोघांतही नसलेलं तिसरंच काहीतरी बोलायला लागतं, याचं तिला वेड लागलं. रस्त्यानं चालताना माणसं बघून त्यांना मनातल्या मनात जोडत जायची.

कोर्सचा शेवटचा पाठ होता ‘ओळखीचा माणूस’. दहा मिनिटं. यात सरस ठरेल त्याला मुंबईला एका डॉक्युमेंटरी करणाऱ्याच्या हाताखाली जायला मिळणार होतं. ऋतुजानं अर्थातच नानांना धरलं. माझ्याकडे येऊन उपरणी चाळू लागली. तिला असं हवं होतं की बाहेरून हात दिसू नयेत पण आत उजेड जावा. मी तिला कीर्तनकाराच्या ड्रेसातलं पातळ मलमलीचं दिलं. अर्ध्या भाड्यात दिलं. कलेसाठी मी नेहमीच अर्धं घेतो.

पुढचे शुक्रवार नाना बाजारात त्या झुळझुळीत उपरण्यात वावरले. ऋतुजा त्यांच्या पायांशी मातीत बसायची, छोटा कॅमेरा वर करून. लोकांना नवल वाटायचं, कुणी कुणी काचकूच करायचं. नाना हसून म्हणायचे, धरा बिनघोर, तिला बोटांतलं काय कळतंय, पोरीची जात.

इथे नाना चुकले. मुलाला बोटं शिकवावी लागतात, म्हणून मुलापुढे दलाल सावध असतो. मुलीला शिकवायचीच नाहीत, म्हणून तिच्यापुढे कधी लपवलंच नव्हतं. तिला आठव्या वर्षापासून सगळी बोटं वाचता येत होती.

कॉलेजात फिल्म दाखवली तेव्हा मीही होतो. पडद्याभर हात. राकट, भेगाळलेले, मलमलीतून झिरपणाऱ्या दुधाळ उजेडात एकमेकांना चाचपणारे. मध्ये गाय, मग पुन्हा हात. सर उठून म्हणाले, ही स्पर्शाची कविता आहे. फक्त, म्हणाले, हिला शेवट नाही. कविता कुठेतरी पोचली पाहिजे. जमा करायला अजून महिना आहे, शेवट शोध.

ऋतुजानं मान हलवली.

बाहेर आल्यावर मीही स्पर्शाच्या कवितेबद्दल काहीतरी बोललो, तर ती माझा हात धरून म्हणाली, ‘‘काका, दशरथकाकाला नाना ह्ये म्हनले,’’ आणि माझी काही बोटं दाबली. ‘‘आन् त्याच गाईचं कर्जतवाल्याला ह्ये.’’ या वेळी तिनं जास्त बोटं दाबली. मधलं कुठे गेलं हे विचारायची गरज नव्हती. गाय विकणारा दशरथ म्हणजे त्यांच्या शेजारच्या वस्तीवरचा, नानांचा पोरपणापासूनचा दोस्त. पहिल्या शॉटमध्ये नाना दशरथशी काही खोटं बोलत नव्हते, दुसऱ्या शॉटमध्ये कर्जतवाल्याशीही नाही. खोटं दोन शॉटच्या जोडावर होतं, आणि तो जोड ऋतुजानं घातला होता.

नगरात कुणाला बोटं कळत नव्हती, तोवर ठीक होतं. पण नानांना दम निघेना. फिल्म त्यांनी पाहिली नव्हती, उपरण्याखालच्या अंधारात कॅमेऱ्याला काही दिसत असेल असं त्यांच्या मनातही नव्हतं, आणि लेकीचं कौतुक त्यांना गावाला दाखवायचं होतं. ग्रामपंचायतीसमोरच्या पटांगणात पडदा लावायचा, बाजाराच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे बाहेरगावचे व्यापारीही मुक्कामाला आलेले असतील. माझ्या दुकानात बसून त्यांनी हे सगळं ठरवलं, मला पांढरा पडदा आणायला सांगितला, आणि ऋतुजा शेजारी बसून शेंगदाणे खात राहिली.

नाना चहा सांगायला बाहेर गेले तेव्हा मी तिला म्हणालो, गावापुरता तो एक शॉट काढून टाक.

‘‘त्यो काढला तर पिच्चर ऱ्हातंच न्हाई.’’

‘‘अगं, नानांच्या हातात उद्यापासून कुणी हात देणार नाही.’’

‘‘व्हय,’’ ती म्हणाली. माहिती असलेली गोष्ट आपण दुसऱ्यांदा ऐकतो तेव्हा म्हणतो तसं.

मी नानांना सांगू शकलो असतो. पण मी नाटकवाला माणूस, तिसऱ्या अंकाच्या आधी पडदा पाडणं मला जमत नाही. शिवाय मला बघायचंच होतं.

गुरुवारी दिवेलागणीला पटांगण भरलं. पुढे खुर्च्या. मधल्या खुर्चीवर नाना, गळ्यात हार, शेजारी दशरथ. तोही फिल्ममध्ये होता म्हणून पांढरे कडक कपडे घालून आला होता. सरपंचांनी भाषण केलं, लेकीला शिकवणारा बाप असा असावा म्हणाले. मग पडद्यावर हात आले.

सुरुवातीला लोक आपापले हात ओळखून हसत होते. मग दशरथची गाय आली, दशरथ आला, टाळ्या पडल्या. उपरण्याखाली नानांनी त्याची बोटं दाबली. माझ्या मागे बसलेल्या एका म्हाताऱ्यानं सवयीनं आकडा पुटपुटला. शॉट बदलला. तेच उपरणं, तोच नानांचा हात, समोर कर्जतवाल्याची अंगठी. म्हातारा पुन्हा पुटपुटला आणि मध्येच थांबला.

‘‘गाय तीच हाय की,’’ एक बाई म्हणाली.

दशरथ उठला. त्याचं डोकं पडद्यावर हातांच्या मध्ये काळं उमटलं. तो नानांकडे न बघता ऋतुजाला म्हणाला, ‘‘पोरी, मागं घे जरा. त्ये हाताचं.’’

नाना अगदी हळू म्हणाले, ‘‘ऋतू, बंद कर.’’

‘‘थांबा नाना,’’ ती म्हणाली. ‘‘लोक बघत्यात.’’

तिनं मागे घेतलं. पुन्हा दशरथचा हात, पुन्हा कर्जतवाल्याचा. या वेळी आकडा पुष्कळ जणांनी म्हटला, एका सुरात, शाळेत पाढे म्हणतात तसा. आणि तेव्हा मला पडद्याच्या खांबाशी एक बारीक लाल दिवा दिसला. दुसरा कॅमेरा. तो लोकांकडे तोंड करून लावलेला होता, नेमका मधल्या खुर्चीवर. फिल्म सुरू व्हायच्या आधीपासून चालू होता.

दशरथ वळला आणि त्यानं नानांसमोर आपला उजवा हात धरला. वर उपरणं नाही, काही नाही.

‘‘धर, रंगनाथा. आता उघड्यावर धर.’’

नानांचे दोन्ही हात मांडीवर होते. ते त्यांनी उचलले नाहीत. दशरथ बराच वेळ तसाच उभा राहिला, मग हात धोतराला पुसून गर्दीतून निघून गेला. त्याच्यामागे एकेक खुर्ची रिकामी झाली. कुणी शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर नानांना उत्तर देता आलं असतं.

ऋतुजा चघळत नव्हती, हे माझ्या लक्षात आलं.

फिल्मला पहिला नंबर मिळाला, नव्या शेवटासह. सर म्हणाले म्हणे की वडिलांचा चेहरा शेवटी ज्या तऱ्हेनं कोसळतो ते शिकवून येत नाही. ऋतुजा मुंबईला गेली. आता मोठमोठ्या लोकांसाठी एडिटिंग करते, असं पोरं सांगतात. समृद्धी पाथर्डीकडे एका शाळेवर आहे आणि संमेलनाला माझ्याकडूनच ड्रेस नेते. तिच्याजवळ ऋतुजाचं नाव काढलं तर म्हणते, काका, काय म्हणा, पण रडवताना तिनं मला पाहिलं तसं मला कुणी पाहिलेलं नाही. हे ती कौतुकानं म्हणते की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

ऋतुजाला मी शेवटचं पाहिलं ते त्या गुरुवारच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, बाजारात. रात्र गावातच काढून मुद्दाम गेलो होतो. बाजार भरला होता. गाई हंबरत होत्या, टेम्पो मागे घेणारे बोंबलत होते, जागोजागी उपरण्यांखाली हात हलत होते. नाना त्यांच्या नेहमीच्या जागी उभे होते, दाव्यांच्या दुकानाशेजारी, दाढी करून, स्वच्छ कपड्यांत. त्यांच्याभोवती बैलगाडी फिरेल एवढी जागा मोकळी होती. माणसं तिथपर्यंत यायची आणि वळसा घालून जायची. राहात्याचा एक जुना व्यापारी दिसला तेव्हा नानांनी सवयीनं हात पुढे केला. त्यानं गाईच्या पाठीवरून हात फिरवला आणि तो पुढच्या दलालाकडे गेला. नानांचा हात हवेत राहिला.

समोर कॅमेरा लावून ऋतुजा उभी होती. मी तिच्या मागे होतो, तिनं मला पाहिलं नाही. मला वाटलं, आता नाना काहीतरी फेकून मारणार. वाटलं, आता ही पुढे होऊन बापाचे पाय धरेल. दोन्हीसाठी मी चांगली जागा धरून उभा होतो.

ऋतुजानं डोळा कॅमेऱ्यावरून काढला.

‘‘नाना,’’ ती म्हणाली, ‘‘सावली पडती तोंडावर. थोडं डावीकडं.’’

नानांनी तिच्याकडे पाहिलं. मग खाली बघून, पायाखालचं शेण चुकवत, ते हळूहळू डावीकडे सरकले आणि उन्हात उभे राहिले.

‘‘एवढं?’’ त्यांनी विचारलं.